बर्ड फ्लू: कोंबडी, अंडी, शेड आणि माणूस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात कुठूनतरी कावळे मेल्याची बातमी येते आणि आमच्याकडे प्रश्नांची रीघ लागते. शहरातून येणारे प्रश्न ताटातल्या चिकनचे असतात, गावाकडून येणारे शेडमधल्या मरतुकीचे. इथे दोन्ही एकत्र घेतले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी केली आहे, अडचणीचे प्रश्न शेवटाकडे आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. बर्ड फ्लू म्हणजे नेमकं काय? आपल्याला होणाऱ्या फ्लूपेक्षा तो वेगळा आहे का?

घराणं एकच आहे. दोन्ही इन्फ्लुएन्झाचे विषाणू, पण बर्ड फ्लूचा विषाणू पक्ष्यांच्या शरीराला सरावलेला आहे. त्याचं मूळ घर म्हणजे रानबदकं आणि इतर पाणपक्षी. अनेकदा ही बदकं फारशी आजारी न पडता तो आतड्यात वागवतात आणि विष्ठेतून पाण्यात सोडतात. तोच विषाणू कोंबडीत शिरला आणि त्याची जात जहाल असली, तर दोन-तीन दिवसांत अख्खी शेड आडवी होते. जहाल नसलेल्या जातीही आहेत. त्यांत कोंबड्या थोड्या शिंकतात, अंडी घटतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात. बातमीत येतो तो बहुधा जहाल प्रकार.

२. एच५एन१, एच५एन८, एच९एन२... हे आकडे कसले?

विषाणूच्या अंगावर दोन प्रकारची प्रथिनं असतात, एक ‘एच’ आणि दुसरं ‘एन’. पक्ष्यांमध्ये एच चे १६ आणि एन चे ९ प्रकार वर्षानुवर्षं माहीत आहेत. कोणता एच कोणत्या एन बरोबर आहे, त्यावरून विषाणूचं नाव ठरतं. कोंबड्यांत हाहाकार माजवणारे प्रकार एच५ आणि एच७ या दोन गटांतले असतात. एच९एन२ ची गोष्ट निराळी आहे, ती प्रश्न १६ मध्ये.

३. महाराष्ट्रात हा रोग कधी आला? आणि दर वर्षी थंडीतच का उगवतो?

भारतातली पहिली नोंदच महाराष्ट्रातली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये एच५एन१ सापडला. पाठोपाठ जळगाव जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे गुजरातेतही तो निघाला. लाखो कोंबड्या पुराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीत पुन्हा एच५एन१ निघाला. त्याच हंगामात नवापूरवर दुसऱ्यांदा तीच पाळी आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातलं वेहळोली, जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यात उदगीरचे कावळे आणि रायगडमध्ये उरणजवळचं चिरनेर. यादी याहून लांब आहे, पण या सगळ्या तारखांचे महिने एकदा पाहा.

थंडीत मध्य आशियातून आणि त्याच्याही उत्तरेकडून पाणपक्षी आपल्या तलाव-धरणांवर उतरतात. शिवाय गारव्यात आणि ओलसर विष्ठेत विषाणू जास्त दिवस टिकतो. एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा निभाव लागत नाही. पण सगळा दोष पाहुण्या पक्ष्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो बहुतेक वेळा माणसाच्या चपलेला, गाडीच्या टायरला किंवा अंड्यांच्या ट्रेला चिकटून जातो.

४. बातमी आली आहे. चिकन आणि अंडी खायची की नाही?

खायची, पण नीट शिजवून. मांसाच्या आतल्या भागापर्यंत ७० अंश सेल्सिअस उष्णता पोचली की हा विषाणू मरतो. आपला रस्सा खदखदा उकळतो, म्हणजे शंभराच्या आसपास. तुकडा मोडल्यावर आत गुलाबी रंग दिसायला नको आणि हाडाजवळ रक्त राहायला नको, एवढं पाहिलं की पुरे. पुरतं उकडलेलं अंडं किंवा दोन्ही बाजूंनी भाजलेलं ऑम्लेटही चालतं.

नीट शिजवलेलं चिकन खाऊन बर्ड फ्लू झाला, असं उदाहरण आपल्याकडे नाही. तरी बातमी आली की भाव कोसळतात आणि त्यात ज्याच्या शेडला काहीही झालेलं नाही तोही बुडतो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनमुळे कोरोना होतो अशी आवई उठली होती. तेव्हा तर कोंबड्यांत कसलाच रोग नव्हता, तरीही शेतकऱ्यांनी जिवंत पक्षी खड्ड्यात गाडले.

५. मग हाफ फ्राय, घरचं मेयोनीज, कच्चं अंडं घातलेलं दूध? आणि फ्रीजरमध्ये ठेवलेलं चिकन?

साथ जवळपास असेल तर पातळ बलक आणि कच्चं अंडं काही दिवस बाजूला ठेवा. हाफ फ्रायचा बलक ७० अंशांपर्यंत जात नाही.

गोठवल्याने विषाणू मरत नाही, उलट जपला जातो. “आठवडाभर फ्रीजरला होतं, आता काही उरलं नसेल” हे म्हणणं म्हणूनच चुकीचं. शिजवताना तो मरेल, पण त्याआधीची हाताळणी जपून करायला हवी. कच्चं चिकन नळाखाली जोरात धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. ज्या सुरीने चिकन कापलं तिनेच काकडी चिरू नका. काम झाल्यावर हात, पाट आणि सुरी साबणाने धुवा. हे बर्ड फ्लू नसतानाही करायचंच असतं, कारण कच्च्या चिकनमधून पोट बिघडवणारे दुसरे जंतू वर्षभर येतात.

६. माणसाला हा रोग होतो का? भारतात कोणी दगावलं आहे का?

होतो, पण क्वचित. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ जणांना एच५एन१ झाला, त्यांतले ६ दगावले. माणसात तो दिसण्याची ती पहिलीच वेळ. २००३ पासून आजवर जगभरात साडेनऊशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. आकडा भयंकर वाटतो. मात्र नोंद होते ती मुख्यतः इस्पितळात पोचलेल्या गंभीर रुग्णांची, हलक्या आजाराचे लोक मोजलेच जात नाहीत, हे ध्यानात ठेवावं.

भारतात २००६ पासून २०२१ पर्यंत अनेक साथी आल्या, हजारो माणसांनी कोंबड्या मारण्याचं आणि पुरण्याचं काम केलं, पण एच५एन१ चा एकही मानवी रुग्ण नोंदला गेला नाही. जुलै २०२१ मध्ये हरियाणातला एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला, तो पहिला मृत्यू. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची एक मुलगी गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तिला एच५एन१ झाल्याचं सांगितलं. घरी चिकन कापताना कच्चा तुकडा तिच्या तोंडात गेला होता, अशी माहिती तपासात पुढे आली. लेकरू रडतंय म्हणून कच्च्या मांसाचा तुकडा हातात देण्याची सवय कुठे असेल, तर ती आजच मोडायला हवी.

माणसाकडून माणसाला तो सहजी लागत नाही. हा विषाणू ज्या पेशींना चिकटतो त्या आपल्या नाका-घशात कमी आणि फुप्फुसात खोलवर जास्त असतात. म्हणून तो लागायला कठीण आणि लागला तर जड. शास्त्रज्ञांचं लक्ष आहे ते त्याने रूप बदलून नाका-घशात बस्तान बसवू नये, यावर.

७. कोणाला जास्त धोका आहे?

आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला जो हात लावतो त्याला. शेडमधला कामगार, चिकन सेंटरवर जिवंत कोंबडी कापणारा, पिसं काढणाऱ्या घरच्या बायका, अंगणात खुराड्याशी खेळणारी मुलं. ताटावर बसणारा या यादीत फार खाली येतो. आम्हाला येणारे प्रश्न मात्र बरोब्बर उलट्या प्रमाणात असतात.

८. कोंबड्यांत काम केलं आणि आता ताप आहे. डॉक्टरांना काय सांगू?

ताप, खोकला, घसा, अंगदुखी, कधी डोळे लाल होणं किंवा जुलाब अशी सुरुवात होते. संपर्कानंतर बहुधा दोन ते पाच दिवसांत, क्वचित त्यानंतरही. दम लागू लागला तर एक तासही वाया घालवू नका.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: “मी मेलेल्या कोंबड्या हाताळल्या आहेत, अमुक दिवशी.” हे सांगितलं नाही तर कागदावर ‘व्हायरल ताप’ एवढंच येईल. ऑसेल्टामिविर हे औषध जितकं लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग, पण ते मनाने आणून घेऊ नका. घशाचा नमुना कुठे पाठवायचा ते सरकारी आरोग्य यंत्रणा ठरवते.

९. मी दर वर्षी फ्लूची लस घेतो. मग मला भीती नाही ना?

ती लस माणसांतल्या नेहमीच्या फ्लूची. बर्ड फ्लू ती अडवत नाही. तरी पोल्ट्रीतल्या माणसांनी ती घ्यावी असं सांगतात, आणि त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. एकाच माणसात साधा फ्लू आणि बर्ड फ्लू एकाच वेळी शिरले तर दोन विषाणूंमध्ये जनुकांची अदलाबदल होऊ शकते. त्यातून माणसामाणसांत पसरणारा नवाच विषाणू निघण्याचा धोका असतो. लस ती वेळ येण्याची शक्यता कमी करते.

१०. माझ्या कोंबड्या मरतायत. हा बर्ड फ्लू की मानमोडी?

नुसतं पाहून छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, आम्हीही नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत. दोन्हींत मान वेडीवाकडी होते, हिरवट जुलाब होतात, अंडी एकदम घटतात, मरतूकही होते. (१९१८ च्या फ्लूच्या साथीलाही आपल्याकडे लोक मानमोडीच म्हणत. एकाच नावाने माणसांची साथ आणि कोंबड्यांची साथ, दोन्ही ओळखल्या गेल्या.)

संशय वाढवणाऱ्या खुणा अशा: तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी निळी-जांभळी पडणं, डोकं आणि डोळ्यांभोवती सूज, पायांवर पिसं नसलेल्या जागी लाल रक्ताळलेले डाग, मऊ कवचाची अंडी. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे वेग. काल संध्याकाळी दाणा खाणारी शेड आज सकाळी गप्प. राणीखेतची लस वेळेवर दिलेली असूनही अशी मर लागली, तर प्रश्न ११ कडे वळा. दुसऱ्या लसीचा डोस देऊन पाहू, अँटिबायोटिक पाण्यात टाकून पाहू, यात दोन दिवस घालवू नका. अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही.

११. संशय आला तर पहिल्या तासात काय करायचं?

शेडचं दार बंद करा. आतला माणूस आतच, बाहेरचा बाहेरच. अंडी, पक्षी, खाद्याची पोती, खत, काहीही बाहेर जाऊ देऊ नका. मेलेली कोंबडी उचलून ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नका, कुत्र्याला घालू नका, आणि घरी शवविच्छेदन तर मुळीच करू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा. कळवणं ही केवळ भलमनसाहत नाही. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या २००९ च्या कायद्याने ते मालकावर बंधनकारक आहे.

नमुने पशुसंवर्धन विभाग घेतो आणि पक्की तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. अहवाल येईपर्यंतचे दिवस अवघड जातात. त्या दिवसांत “निदान उरलेल्या तरी विकून मोकळं होऊ” हा विचार हमखास मनात येतो. घाईघाईने हलवलेल्या गाडीबरोबर रोग पुढच्या तालुक्यात पोचतो.

१२. माझ्या कोंबड्या धडधाकट आहेत, मग शेजारच्या शेडमुळे त्या का मारायच्या?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे. रोग पक्का झाला की साधारण एक किलोमीटरचा परिसर संसर्गग्रस्त आणि दहा किलोमीटरपर्यंतचा निगराणी क्षेत्र ठरतो. एक किलोमीटरच्या आतले कोंबडीवर्गीय पक्षी मारून अंडी, खाद्य, तूस असं सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतात. याला सगळेच ‘किलिंग’ म्हणतात. धडधाकट पक्षीही मारण्याचं कारण असं की कोंबडी आजारी दिसण्याआधीच विषाणू बाहेर टाकायला लागते. आज धडधाकट दिसणारी शेड परवा गेलेली असू शकते, आणि दरम्यान तिथून अंड्यांची गाडी निघालेली असते.

निगराणी क्षेत्रातले पक्षी मारत नाहीत. तिथे नमुने घेत राहतात आणि वाहतुकीवर बंधनं येतात. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचं नुकसान मात्र कोणत्याच तक्त्यात बसत नाही: कोंबड्या जिवंत, पण विकता येत नाहीत, आणि खाद्याचा खर्च रोजचा चालू.

१३. भरपाई किती मिळते?

दर सरकार ठरवतं आणि भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. २०२१ च्या साथीतले दर असे होते: अंड्यावरची कोंबडी आठ आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यापुढे ९० रुपये, ब्रॉयलर सहा आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यापुढे ७० रुपये, अंडं ३ रुपये, खाद्य किलोला १२ रुपये. तुमच्या वेळचा दर पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

१४. सरकारी माणसं येण्याआधीच मेलेल्या कोंबड्यांचे पैसे मिळतात का? आणि पक्षी कंपनीचे असतील तर?

पैसे मिळतात ते पथकाने मारलेल्या पक्ष्यांचे आणि नष्ट केलेल्या अंडी-खाद्याचे. रोगाने आधीच गेलेल्यांचे नाहीत. म्हणजे ज्याने तीन दिवस लपवलं त्याची मोजणी रोज खाली येते. लवकर कळवण्यातला व्यवहार हा असा सरळ आहे.

कंत्राटी पोल्ट्रीत गुंता वाढतो. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, शेड, वीज, मजुरी तुमची, आणि तुम्हाला मिळतात ते संगोपनाचे पैसे. साथीत बॅच गेली तर संगोपनाच्या पैशांचं काय, हे करारात लिहिलेलं असतं किंवा मुद्दाम लिहिलेलं नसतं. सही करण्याआधी ते कलम शोधा. मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

१५. इतर रोगांवर लस देतो, मग जहाल बर्ड फ्लूवर का देऊ देत नाहीत?

लस दिलेली कोंबडी मरत नाही, पण विषाणू थोडाफार बाहेर टाकत राहू शकते. मग मरतूक हीच जी धोक्याची घंटा, तीच बंद होते आणि रोग गुपचूप फिरतो. निर्यातीतही अडचणी येतात. म्हणून भारताने आजवर शोधा-मारा-पुरा हाच मार्ग धरला. चीन वर्षानुवर्षं लस देतो आणि फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना द्यायला सुरुवात केली, त्यामुळे वाद संपलेला नाही. आमचं मत विचाराल तर लसीकरणाबरोबर सतत नमुने तपासणारी भक्कम यंत्रणा लागते. ती उभी न करता नुसती लस आणली तर वरचा धोका खरा ठरेल.

१६. अहवालात एच९एन२ आला आहे. आता किलिंग होणार?

नाही. हा कमी जहाल प्रकार आपल्या पोल्ट्रीत बऱ्यापैकी मुरलेला आहे, त्यासाठी सरसकट पक्षी मारत नाहीत. त्याची लस भोपाळच्या संस्थेने तयार केली आहे. पण अंडी घटतात, आणि सोबत दुसरा रोग असला तर नुकसान मोठं होतं, म्हणून “साधा आहे” म्हणून सोडून देऊ नका. माणसालाही तो लागू शकतो. भारतातला त्याचा पहिला मानवी रुग्ण २०१९ मध्ये मेळघाटात सापडला, दीड वर्षाचंही नसलेलं बाळ. ते बरं झालं.

१७. माझ्याकडे पोल्ट्री नाही, परसात दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत. मी काय करू?

मोठ्या शेडला जाळी असते, दारात पाय बुडवायला औषधाचं पाणी असतं. तुमची कोंबडी दिवसभर उकिरड्यावर, ओढ्यावर आणि शेजारच्या दारात. म्हणून साथीच्या दिवसांत तिला डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा, दाणापाणी आडोशाला द्या म्हणजे वरून कावळ्या-बगळ्यांची विष्ठा पडणार नाही. तळ्याचं पाणी पाजू नका. बदकं आणि कोंबड्या एकत्र ठेवू नका. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. खुराडं आणि भोवतालची जमीन लिटरभर पाण्यात ७ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून फवारा. आणि कोंबडी मलूल झाली की “मरण्याआधी कापून घेऊ” हा जो शिरस्ता आहे, तो थांबवा. वर प्रश्न ७ मध्ये सांगितलेला धोका नेमका त्याच क्षणी सगळ्यात जास्त असतो.

१८. कोंबडीखत विकत घेतलं आहे. शेतात टाकू का?

निगराणी क्षेत्रातून आलं असेल तर उतरवूनच घेऊ नका, तशी वाहतूक बंद असते. इतर ठिकाणचं असेल तर ताजं, ओलं खत पसरू नका. ढीग लावून, झाकून चांगलं कुजवा, ढिगात तयार होणारी उष्णता विषाणू मारते. पसरताना तोंडाला फडकं आणि पायात गमबूट.

१९. मांजराला कच्चं चिकन देतो. चालेल?

देऊ नका. मांजराच्या जातीला हा रोग फार जड जातो. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि त्यांच्यात एच५एन१ निघाला. पाठोपाठ मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात घरची मांजरं बाधित निघाली. उकडून द्या.

२०. मुलगी अमेरिकेत आहे. ती म्हणते तिथे गाईंना बर्ड फ्लू झालाय आणि अंडी महागलीत. आपलं दूध सुरक्षित आहे का?

ती खरं सांगते. मार्च २०२४ मध्ये टेक्सास आणि कॅन्ससच्या दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ सापडला आणि पुढे अनेक राज्यांत पसरला. तिथे अंड्यांवरच्या कोट्यवधी कोंबड्या गेल्याने २०२५ च्या सुरुवातीला अंड्यांचे भाव विक्रमी झाले. सुमारे सत्तर माणसांना संसर्ग झाला, बहुतेक गोठ्यात आणि पोल्ट्रीत काम करणारे. त्यांतल्या बहुतेकांचे डोळे आले आणि आजार हलकाच राहिला. पाश्चरीकरणाने हा विषाणू मरतो, आणि आपल्याकडे तर पिशवीतलं दूधही पुन्हा उकळतात. निरशा दुधाचा घोट घेण्याची हौस असेल, तर ती इथेही सोडलेली बरी, त्याला बर्ड फ्लूखेरीज आणखी कारणं आहेत.

२१. गच्चीवर कावळा मेलेला सापडला. लगेच घाबरू का?

एक कावळा विजेच्या तारेनेही मरतो, पतंगाच्या मांज्यानेही. एकाच भागात दोन-चार दिवसांत बरेच पक्षी पडू लागले तर ते कळवण्यासारखं. शहरात महापालिकेला, गावात पशुवैद्यकीय दवाखान्याला. उघड्या हाताने उचलू नका. तपासणीसाठी नेणार नसतील तर हातावर पिशवी चढवून उचला, ती उलटी करून गाठ मारा, खोल पुरा आणि हात साबणाने धुवा. कबुतरांना हा रोग त्यामानाने कमी होतो, पण त्यांच्या वाळलेल्या विष्ठेचा फुप्फुसांना वेगळाच त्रास असतो, तेव्हा खिडकी झाडताना मास्क लावा.